मुक्या सरांचा ज्वालामुखी

गुऱ्हाळं पेटली की माझ्या घशाला कोरड पडते. दिवाळी सरते, उचगावच्या बाजूनं सकाळचा वारा सुटतो आणि उकळत्या रसाचा, जळत्या चिपाडांचा वास खिडकीतून आत येतो. सगळं कोल्हापूर या वासानं सुखावतं. मी मात्र अंथरुणातच हळूच खाकरून बघतो. आहे का जागेवर? आहे. मग चहा मागतो.

असं का, ते सांगतो. सांगायला मला आवडतं, हे तुमच्या लवकरच ध्यानात येईल. खरं तर सांगणं सोडलं तर मला दुसरं काही येत नाही. पोहता येत नाही, पेटी वाजवता येत नाही, गॅसवर दूध ठेवलं तर ते उतू जातं. आणि काही वर्षांमागं एका हिवाळ्यात देवानं माझ्याकडून नेमकं तेवढं एकच काढून घ्यायचं ठरवलं.

मी शाळेत भूगोल शिकवतो. आठवीच्या वर्गाला मी ज्वालामुखी नेहमी हिवाळ्यात शिकवायचो. आधीचे पाठ भराभर उरकायचो, पण हा एक पाठ मात्र बासुंदीसारखा राखून ठेवायचो. त्या दिवशी माझी बायको मंगल हिची लाल शाल मी पिशवीत घालून न्यायचो. टेबलावर उकिडवा बसून शाल डोक्यावरून ओढून घ्यायची. मग आतून, पार बेंबीपासून घुमायला सुरुवात करायची. आधी पाट्यावर वरवंटा फिरावा तसं, मग लांबून ट्रॅक्टर यावा तसं. मागच्या बाकावरच्या पोरांनी बाकं हलवायची, कारण भूकंप आधी येतो. वर्गात एक क्षण चिडीचूप. आणि मग शाल भिरकावून मी असा फुटायचो की शेजारच्या वर्गातली कविता अर्ध्यावर थांबायची. एकदा आमच्या मुख्याध्यापिका बाई छत कोसळलं म्हणून पळत आल्या होत्या. पोरं त्या दिवशी घरी जाऊन आयांना भंडावून सोडत. मंडईत एखादा टक्कल पडलेला गृहस्थ वाट अडवून विचारायचा, "सर, ज्वालामुखी हाय का अजून?"

"हाय की," मी म्हणायचो. "धुमसतोय."

त्या वर्षी गणपतीनंतर आवाज बसला. कोल्हापुरात गणपतीनंतर आवाज बसणं हा आजार नव्हे, ती हजेरी आहे. ज्याचा बसला नाही तो कुठं होता, असं लोक विचारतात. पण दसरा गेला, दिवाळी गेली, सगळ्या गल्लीचे आवाज उठले आणि माझा बसलेलाच राहिला. आलं झालं, ज्येष्ठमध झालं, हळदीचं दूध झालं. सकाळच्या दुसऱ्या तासाला घशातून फाटक्या पिपाणीसारखं काहीतरी निघायचं आणि पोरं माना खाली घालून हसायची.

शेवटी मंगलनं मला घशाच्या डॉक्टरबाईंकडं नेलं. नाकातून बारीक नळी घालून त्यांनी मला माझाच गळा पडद्यावर दाखवला. खोल, ओलसर, लालभडक विवर. तळाशी दोन पांढुरक्या पट्ट्या उघडमीट करत होत्या आणि एका पट्टीवर मसुरीच्या डाळीएवढी गाठ बसली होती. आयुष्यभर ज्वालामुखी शिकवला, पण त्याच्या तोंडातून आत डोकावायची पाळी पहिल्यांदाच आली. हे मी डॉक्टरबाईंना सांगणार होतो, तर त्यांनी बोट वर केलं.

"बोलू नका. गाठ काढावी लागेल आणि तपासायला पाठवावी लागेल. पण तुमची साखर फार वाढली आहे. ती खाली आल्याशिवाय मी हात लावणार नाही. तोपर्यंत एक अक्षर बोलायचं नाही."

मी हातानंच विचारलं, आणि नंतर?

"नंतर आवाज येईल," त्या म्हणाल्या. "पण हाच येईल, असं मी सांगणार नाही. आणि गाठ कसली आहे, ते तपासल्याशिवाय काहीच सांगणार नाही."

म्हणजे गुऱ्हाळाच्या हंगामात साखर खाली आणायची आणि कोल्हापुरात राहून गप्प बसायचं. एवढी दोनच कामं होती.

आता गप्प बसणं म्हणजे काय, हे आम्हा लोकांना ठाऊकच नाही. आमच्याकडं कानात सांगितलेली गोष्ट रस्त्यापलीकडच्या पानपट्टीवर ऐकू जाते. त्यामुळं मी आपला कुजबुजायला लागलो. कुजबुज म्हणजे बोलणं नव्हे, अशी माझी प्रामाणिक समजूत. मी भाजीवाल्याशी कुजबुजलो, शेजाऱ्यांशी कुजबुजलो, शाळेत शिपायाशी तर इतका कुजबुजलो की शिक्षकांच्या खोलीत आमच्या दोघांबद्दल संशय पसरला. पुढच्या खेपेला डॉक्टरबाईंनी नळी घातली आणि त्यांच्या कपाळाला आठी पडली. सूज वाढली होती. कुजबुजताना गळा जास्त आवळला जातो, हे मला तेव्हा कळलं.

"अवो, तुमची कुजबुज खालच्या मजल्यावर ऐकू येती," मंगल घरी येताना म्हणाली. "तिला कुजबुज म्हंत्यात व्हय?" दुसऱ्या दिवशी तिनं माळ्यावरची लेकाची जुनी पाटी काढली, पुसली, सुतळी ओवली आणि माझ्या गळ्यात अडकवली. मी आरशात बघितलं. भूगोलाचा शिक्षक कुठंच दिसेना. पहिलीत नाव घालायला आणलेलं एक पिकल्या मिशांचं पोर दिसत होतं.

एक मजा सांगतो. माणूस मुका झाला की कोल्हापूर त्याला बहिरा समजतं. मंडईत मी पाटीवर 'मेथी दोन जुड्या' लिहून धरलं, तर बाई माझ्या कानाशी येऊन ओरडली, "पावणं, मेथी संपली. चाकवत न्या, चाकवत." मी कानाकडं बोट करून ऐकू येतं असं खुणावलं. तिला वाटलं, कानच दाखवतोय. तिनं शेजारणीला हाक मारली आणि मग दोघी मिळून ओरडल्या. मी चाकवत घेऊन आलो.

हसतोय मी आता. तेव्हा घरी जायच्या आधी त्या चाकवताची पिशवी घेऊन मी रंकाळा तलावाच्या कट्ट्यावर बसून राहिलो होतो. माझ्यातून आवाज वजा केला तर काय उरतं, हे गणित मी त्या दिवसांत सारखं मांडायचो. उत्तर दर वेळी एकच यायचं. एक चष्मा, एक पिशवी. गाठ वाईट निघाली तर जीव जाईल, याची भीती होतीच. पण खरं सांगू? जीव राहून आवाज जाईल, याची भीती जास्त वाटायची. आजूबाजूला लोक फिरत होते, कणसं खात होते, फोनवर बोलत होते. बोलणं इतकं फुकट उधळताना बघून मला रडू यायचं आणि रडायलाही मनाई होती, कारण हुंदक्यानं गळ्यावर ताण येतो.

मुख्याध्यापिका बाई चांगल्या मनाच्या. त्यांनी मला बोलावून घेतलं आणि हळू आवाजात, आजाऱ्याशी बोलतात तसं, म्हणाल्या, "सर, तुम्ही रजा घ्या. यंदाचा ज्वालामुखी मी दुसऱ्या कुणाकडं देते."

मी पाटीवर लिहिलं, 'शेवटचा असला तर?' आणि त्यांनी वाचायच्या आत तळव्यानं पुसलं. मग लिहिलं, 'मीच घेतो.'

वर्गात गेलो. पोरं नटूनथटून नाटकाला यावं तशी बसलेली. थोरल्या भावंडांकडून सगळं ऐकलेलं होतं त्यांनी. माझ्या हातात शालीची पिशवी नाही, हे बघून पहिल्या बाकावरचे चेहरे उतरले. मी फळ्यावर डोंगर काढला, डोंगराच्या पोटात नळी काढली, वरून धूर काढला. खडूचा आवाज तेवढा. वर्ग असा शांत की मला माझीच तिरडी बांधतायत असं वाटलं.

तेवढ्यात मागून आफ्रिन उठली. ही वर्गातली माझ्याखालोखाल मोठ्या आवाजाची. तिचे वडील गुऱ्हाळांच्या काहिली दुरुस्त करतात. काहील म्हणजे उसाचा रस आटवायची ती अवाढव्य पसरट कढई. पत्र्यावर हातोडा चालू असताना घरात बोलायचं म्हणजे आवाज मोठाच लागतो, त्यामुळं तिचा गळा तयार होता.

"सर, तुमी नुसतं करा. आवाज आमी काढतो."

मी टेबलावर चढलो. शाल नव्हती, डोक्यावर रुमाल घेतला. बोट वर केलं तसा वर्ग घुमायला लागला, खांदे उडवले तशी बाकं हलली, आणि मी हात फेकले तेव्हा सगळा वर्ग एका दमात फुटला. छान फुटला. माझ्यापेक्षा छान. मी टेबलावर तोंड उघडं टाकून उभा होतो आणि त्या तोंडातून काहीही येत नव्हतं. पोरं टाळ्या पिटत होती. मला वाटलं, हे असं असणार आहे इथून पुढं.

टाळ्या थांबल्यावर आफ्रिन पुन्हा उठली. "सर, आपल्याकडचा ज्वालामुखी कुठला ओ? तुमीच म्हनला हुता की, आपला काळा दगड लाव्ह्याचा हाय."

"जोतिबाचा डोंगर," एक जण म्हणाला.

"हट्. पन्हाळा."

"पन्हाळ्याला तोंड कुठं हाय? सपाट हाय की वरनं."

"बुजलं असंल."

मी पाटीवर लिहिलं, 'तोंड नव्हतं. जमिनीला लांब भेगा पडल्या. लाव्हा वाहत पसरला. थरावर थर.'

आफ्रिननं मोठ्यांदा वाचलं आणि वर्गाचा पार विरस झाला. "म्हंजे फुटलाच न्हाय? नुसता व्हायला?" एक पोरगा म्हणाला, "मग कसला ज्वालामुखी ओ सर." सगळे हसले. आणि मी, ज्याच्याकडं या एका प्रश्नावर तासभर बोलायचा मालमसाला होता, पाटीवरच्या उरलेल्या दोन बोटं जागेकडं बघत राहिलो. काय लिहिणार? कोट्यवधी वर्षांपूर्वीची ती धग, तुमच्या दारातली पायरी, देवळाची भिंत, पन्हाळ्याचा तट, सगळा एकाच वाहत्या विस्तवाचा संसार, हे दोन बोटांत कसं मावणार? बोलायची इतकी उबळ आली की मी दोन्ही हातांनी गळा धरला. पुढची पोरगी घाबरून म्हणाली, "सर, पाणी देऊ?"

म्हणून मी त्यांना गुऱ्हाळावर नेलं. आफ्रिनच्या वडिलांनी शब्द टाकला होता. शाळेपासून चालत जाण्यासारखं होतं. गुऱ्हाळाचे मालक बंडूतात्या खाटेवर बसलेले होते. "या सर, बसा की. पोरांनो, काहिलीपाशी जायाचं न्हाय, ती दोरी बांधलीया तितंच थांबायचं." मग माझ्या गळ्यातली पाटी बघून आफ्रिनला विचारलं, "सर बोलत का न्हाईत?"

"मौन हाय सरांचं."

"मास्तरांचं मौन? मग पगार का घेत्यात म्हन की." आणि स्वतःच खोखो हसले. मी पण हसलो, बिनआवाजाचं. तसं हसणाऱ्या माणसाकडं लोक फार वेळ बघत नाहीत. त्यांनीही नजर वळवली.

काहिलींखालच्या चुलवाणात चिपाडं भडभडत होती. तीन काहिली होत्या. पहिलीत रस नुकताच ओतलेला, पातळ. दुसरीत फेस चढत होता, काठापर्यंत आला की गडी वरून एरंडेलाचे चार थेंब शिंपडायचा आणि फेस निमूट खाली बसायचा. तिसरीत पाक झाला होता, काकवीहून दाट. मी पहिलीकडं बोट केलं, मग तिसरीकडं. पोरांकडं बघितलं. बघा म्हटलं, डोळ्यांनी.

आफ्रिननं आपणहून वकीलपत्र घेतलं. "सर काय म्हंत्यात, पातळ रसाला जोर जास्त असतो, म्हनून तो जास्त उसळतो. म्हंजे पातळ लाव्हा जोरात फुटतो आनि घट्ट असला की नुसता बसून ऱ्हातो."

साफ उलटं. आणि पोरं माना डोलवायला लागली. एक जण तर वहीत लिहायला लागला. माझ्या गळ्यापर्यंत 'नाही' आलं. एकच शब्द, दोन अक्षरं. एकदा म्हटलं तर काय होणार होतं? पण डॉक्टरबाईंची आठी आठवली, ती पट्टी, तिच्यावर बसलेली ती डाळ. मी जिभेवरचं 'नाही' पुन्हा गिळलं. ते गिळताना घसा सोलून निघाला. पाटी पुढं केली, खडू टेकवला आणि तो मोडून चिपाडांच्या ढिगात पडला. दुसरा नव्हता. चाळीस पोरं चुकीचं शिकून घरी निघाली होती आणि त्यांचा मास्तर तोंड मिटून उभा होता. इतका हताश मी आयुष्यात कधी झालो नाही.

मग मी आफ्रिनचं मनगट धरलं आणि तिला पहिल्या काहिलीसमोर दोरीपाशी उभं केलं. कानाला हात लावला. ऐक. रस खदखदत होता, बुडबुडे येत होते आणि कुठलाही आवाज न करता विरत होते. मग तिला तिसरीसमोर नेलं. इथं बुडबुडा सावकाश वर यायचा, पाकाच्या जाड सालीखाली फुगायचा, तट्ट व्हायचा, दम धरायचा, आणि मग फट्. थेंब उडून काठावर पडायचा. पुन्हा फट्. मी गाल फुगवले, ओठ घट्ट दाबून धरले, डोळे मोठे केले. तिनं माझ्याकडं बघितलं. काहिलीकडं बघितलं.

"थांबा, थांबा," ती म्हणाली. "चुकलं माझं. घट्टात हवा अडकती. तिला भाईर पडाया वाट न्हाय. म्हनून ती साठती आनि मग फुटती. पातळात अडकतच न्हाय. म्हनून तो फुटत न्हाय, व्हातो." मग स्वतःशीच बोलल्यासारखी, "आनि व्हातो म्हनून लांब जातो. फुटला असता तर हितंच एक डोंगर झाला असता. व्हायला म्हनून सगळा मुलूख झाला."

लिहिणाऱ्यानं वहीतलं खोडलं. बंडूतात्या खाटेवरून म्हणाले, "पोरगी मास्तरीण हुनार." मी टाळी वाजवली. तेवढा एक आवाज मला काढता येत होता.

परत येताना वाटेवर खोदलेली विहीर होती. पोरांना कठड्याशी थांबवून मी आतली भिंत दाखवली. वर काळा दगड, मग वीतभर तांबडा पट्टा, त्याखाली पुन्हा काळा. "मधीच तांबडं कसं काय?" कुणीतरी विचारलं. निघताना चिपाडांतून शोधून काढलेल्या खडूच्या तुकड्यानं मी लिहिलं, 'तेव्हा थांबला होता. थांबला, तेव्हा माती झाली.'

"किती दिस थांबलेला?"

मी हात पसरले, जितके पसरता येतील तितके. पोरं पुन्हा आतल्या भिंतीकडं बघायला लागली. आणि मला एकदम त्या तांबड्या पट्ट्याचा हेवा वाटला. त्याला आपल्यावर पुन्हा लाव्हा येणार की नाही, याची काळजी करायची नव्हती. मला होती. साखर त्याच आठवड्यात खाली आली होती आणि डॉक्टरबाईंनी ऑपरेशन ठरवलं होतं.

ऑपरेशनचं काय सांगायचं. झोपवलं, उठवलं, गाठ गेली. ती तपासायला गेली, ते दिवस मंगल आणि मी एकमेकांकडं न बघता जेवलो. मी बोलायचं नाही हे ठरलेलंच होतं, पण त्या दिवसांत तीही बोलली नाही. आमटीत मीठ नव्हतं. दोघांनीही सांगितलं नाही. मग डॉक्टरबाईंचा फोन आला, तिनं घेतला, ऐकला आणि फोन ठेवून ती एकदम भांडी घासायला बसली. घासलेलीच भांडी. तिच्या पाठीवरून मला कळलं की गाठ साधी आहे.

राहिला आवाज. ठरलेल्या दिवशी डॉक्टरबाई म्हणाल्या, "आता 'आ' म्हणा."

मी म्हटलं. खोलीत काहीतरी हललं, पडदा हलावा तसं. मी इकडंतिकडं बघितलं. मंगलकडं बघितलं. "तुमचाच हाय," ती म्हणाली. पातळ, वाऱ्यासारखा, कडा नसलेला. पुन्हा म्हणून बघितलं, तोच. डॉक्टरबाईंनी थोडं सुधारेल म्हणून सांगितलं, आणि त्यात खोटं काही नव्हतं, थोडंच सुधारला. बेंबीपासून घुमणारा तो माणूस मात्र ऑपरेशनच्या टेबलावरून परत आलाच नाही. आजही नाही. मंडईत अजूनही माझ्याशी ओरडूनच बोलतात आणि मी चाकवत खाऊन खाऊन त्याला सरावलोय.

ऑपरेशननंतरची रजा संपवून मी आठवीच्या वर्गावर गेलो. दाराबाहेर थांबलो, हजेरीपट छातीशी धरला. पोरं उठून उभी राहिली, "नमस्ते सर" झालं आणि मग सगळी वाट बघत राहिली. आता येणार, जुना येणार, अशी. मला पळून जावंसं वाटलं. मी खुर्ची धरली आणि बोललो. म्हटलं, "बसा. गेल्या खेपेला आपण लाव्हा कुठवर गेला, तिथं थांबलो होतो."

पहिल्या दोन बाकांनी ऐकलं. त्यामागच्यांनी एकमेकांकडं बघितलं. कुणी हसलं नाही, तेच मला जास्त लागलं. मी आणखी एक वाक्य बोललो. ते तिसऱ्या बाकापर्यंतही पोचलं नसावं. पोरं माझ्या ओठांकडं बघत होती, काचेतून बघावं तशी. मी खडू उचलला. म्हटलं, उरलेलं आयुष्य फळ्यावर लिहून काढू.

"सर," मागून आफ्रिन. "मागं काय ऐकू येत न्हाय."

मुख्याध्यापिका बाई असत्या तर तिला बाहेर काढलं असतं. मी मान हलवली. माहीत आहे, बाळ.

"थांबा जरा," ती म्हणाली, आणि तिनं आपलं बाक उचललं. शेजारणीनं दुसरं टोक धरलं. मग पलीकडचं बाक सरकलं, मग त्यापुढचं. फरशीवरून लोखंडी पाय ओढल्याचा असा काही कल्ला झाला की शेजारच्या वर्गातून कुणीतरी डोकावून गेलं. कुणाचं दप्तर पडलं, कुणाचा पाय चेंगरला, "ए सरक की" झालं. माझं टेबल भिंतीला जाऊन टेकलं. पहिल्या बाकावरचे गुडघे माझ्या गुडघ्यांना लागले. चाळीस जणांचे तेल लावलेले भांग, डब्यांचे वास, उष्ण श्वास, सगळं हातभर अंतरावर. मागं अर्धा वर्ग रिकामा पडला होता.

आफ्रिन बाक टेकवून बसली आणि ओढणीनं कपाळ पुसलं.

"हां," ती म्हणाली. "आता बोला, सर."